ठिपका मोठा होईपर्यंत

गाडी हळू करा. अजून थोडी हळू.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याची ही उत्तर बाजू. कॅनडाची हद्द इथून पन्नासेक किलोमीटरवर. हॅव्हर मागे पडलंय आणि हायवे नंबर २ पश्चिमेला निघालाय. जुलै संपत आलाय. ऊन अजून कोवळं आहे.

पर्वत गाठायच्या घाईत पुष्कळ जण हा पट्टा एका दमात ओलांडतात. मागून कुणी आलं तर त्यांना पुढे जाऊ द्या.

काच खाली करा. वारा आत येतो, त्याला पिकलेल्या गव्हाचा कोरडा वास आहे.

श्वास घ्या. सोडा.

आता समोर बघा. रस्ता आभाळाला टेकतो, तिथे. एक ठिपका आहे.

तो कशाचा, हे लगेच ठरवू नका. नुसतं बघत राहा.

गाडी चालते आहे, आणि ठिपका तेवढाच आहे. बराच वेळ तेवढाच. सपाटीवर दूरची वस्तू आधी दिसते आणि मग पुष्कळ वेळाने जवळ येते. तो मधला वेळ रिकामा आहे असं वाटतं. त्या वेळात राहून बघा.

दोन्ही बाजूंना शेतं आहेत. एक पट्टा सोनेरी, एक तपकिरी. पुन्हा सोनेरी, पुन्हा तपकिरी. सोनेरी तो गहू. तपकिरी ती पड ठेवलेली जमीन. पाऊस इथे वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून एक वर्ष जमीन विसावते, ओल धरून ठेवते. पट्टे वाऱ्याला आडवे आखलेले आहेत, माती उडून जाऊ नये म्हणून.

विसावलेल्या पट्ट्यावर नजर ठेवा. तिथे काहीही उगवलेलं नाही. घाई नको.

श्वास घ्या. सोडा.

पुन्हा समोर. ठिपक्याला आता उंची आली आहे. चालत्या दिंडीला दुरून कळस दिसावा, तसा तो दिसतो आणि पावलं आपोआप त्याच्याकडे वळतात. हे धान्याचं कोठार आहे. इथली माणसं त्याला एलेव्हेटर म्हणतात. त्याच्या पायथ्याशी रूळ, आणि रुळांच्या कडेला एक छोटं गाव.

रड्यार्ड, मग इन्व्हरनेस, मग जॉप्लिन. गावागावांत साधारण दहा किलोमीटर. घोडागाडीत गहू भरून न्यायचा, उतरवायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, तेवढं हे अंतर. या मातीवर घोड्याच्या चालीचं माप अजून तसंच आहे. गाडीचा वेग त्या मापाशी जुळवून बघा.

एका कोठारापाशी थांबा. इंजिन बंद करा.

काही क्षण कानात इंजिनच घुमत राहतं. मग ते निवतं. मग वारा.

खाली उतरा. लाकडी भिंतीजवळ जा. बाहेरून पत्रा ठोकलेला आहे, एका कोपऱ्यात तो निघाला आहे. तिथे हात ठेवा. फळ्या उभ्या नाहीत, आडव्या आहेत. एकीवर एक निजवून, खिळ्यांनी जोडत जोडत भिंत वर नेली आहे. आतला गहू पाण्यासारखा बाजूंना रेटा देतो, तो रेटा सोसायला ही एवढी जाड रचना. बोटं फिरवा. लाकूड उन्हाने राखाडी झालं आहे, खिळ्यांच्या भोवती गंजाचा डाग आहे.

आत बादल्यांचा पट्टा दाणे वर चढवायचा. तिथून ते आपल्याच वजनाने कप्प्यात पडायचे. तो आवाज मनात आणून बघा.

आता ११० डब्यांच्या अख्ख्या मालगाड्या भरणारी मोठी कोठारं झाली आहेत आणि कितीतरी लाकडी कोठारं रिकामी पडली, पाडली गेली. मला याचं वाईट वाटतं. ही उभी राहायला हवी होती, निदान प्रत्येक गावात एक.

त्या वाईट वाटण्यालाही थोडी जागा द्या. ते घालवायची गरज नाही.

आणखी मागे ऐका. १८९३ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा हा मार्ग पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे पूर्ण झाला. १९०९ नंतर शेतकरी लोंढ्याने आले. या सगळ्याच्या आधी इथे गवत होतं. बायसन होते. ब्लॅकफीट, ग्रो व्हाँत्र आणि असिनिबॉइन लोक होते. १८८८ च्या कायद्याने त्यांचा मोठा मुलूख त्यांच्या हातून गेला. गव्हाकडे बघताना त्याखालचं गवतही आठवा.

श्वास घ्या. सोडा.

कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क बसला आहे. छाती पिवळी, तिच्यावर काळा कोन. तो गातो आणि थांबतो. त्याच्या थांबण्याकडे कान द्या. तो पुन्हा गाईल. नाही गायला, तरी तुम्ही ऐकतच आहात.

समोरून एक पिकअप येतो आहे. बराच वेळ येतोच आहे. आत टोपी घातलेला शेतकरी. जवळ आल्यावर तो स्टिअरिंगवरून हात न काढता एक बोट उचलतो. या भागातला नमस्कार एवढाच असतो, आणि अनोळखी माणसालाही तो मिळतो.

तुम्हीही हात उचला.