गुण नेमका कुणाचा?

थ्येनमाचा वाळवलेला कंद हातात घेतला तर एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा तांबूस कोंब आणि दुसऱ्या टोकाला बेंबीसारखा वाटोळा व्रण दिसतो. चिनी वैद्य डोकेदुखी, भोवळ, आकडी यांवर शतकानुशतके हा ऑर्किडचा कंद देत आले. त्यांच्या मते या विकारांत यकृतातला वारा डोक्यात चढतो; आणि थ्येनमाचा बाणासारखा दांडा वाऱ्यातही हलत नाही, अशी जुनी समजूत. म्हणून तो आतला वाराही बसवतो! साम्यावरून औषध ठरवण्याची ही रीत आज हसण्यावारी जाते. गुण गॅस्ट्रोडिन या रेणूत आहे, असे प्रयोगशाळा सांगते. पण दोन्ही उत्तरांचे गृहीत एकच : गुण वस्तूच्या आत, तिच्या मालकीचा असतो. आपल्या वैशेषिक दार्शनिकांनीही गुणाला द्रव्याचाच आश्रय दिला. थ्येनमा मात्र या चौकटीत मावत नाही.

या वनस्पतीला हिरवे पान नाही, हरितद्रव्य नाही. तिचे धुळीसारखे बी मायसेना या बुरशीशिवाय रुजत नाही आणि पुढे कंद पोसतो तो आर्मिलारिया या दुसऱ्याच बुरशीवर. एरवी ही बुरशी उभी झाडे मारते. शेतकरी कंद लावायचे, पुढच्या हंगामात उकरावे तर जागा रिकामी. लावला की पळतो, असे म्हणत. 1960च्या दशकात चिनी संशोधक शू चिनथांग यांनी बुरशी धरलेले ओंडके कंदाशेजारी पुरले, तेव्हा कुठे त्याची शेती साधली.

कुणी म्हणेल, गॅस्ट्रोडिन कारखान्यातही तयार होते, मग बुरशीचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. पण रेणू बाटलीत असतो तेव्हा तो कुणाची भोवळ थांबवत नाही. औषधपण शरीराशी गाठ पडल्यावरच येते. म्हणूनच प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसाच्या मेंदूबद्दल छातीठोक दावे करणे मला उतावीळपणाचे वाटते. दुसरा आक्षेप जुना आहे : गुण असा संबंधातूनच येत असेल आणि कशालाच स्वतःचा स्वभाव नसेल, तर काहीही कशावरही चालावे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने अशाच आक्षेपाला उत्तर दिले होते की, स्वभावशून्य असूनही गाडी लाकडे वाहतेच. अवलंबून असणे म्हणजे अंदाधुंदी नव्हे. बियाला एक बुरशी लागते, कंदाला दुसरी, आणि त्यात अदलाबदल चालत नाही. कंद अशक्त झाला, तर ज्या आर्मिलारियाला तो पचवत होता तीच त्याला पोखरू लागते.