'मुंबई वाचली' म्हणताना

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं आणि लालबागच्या आमच्या चाळीत 'सुटलो बाबा' म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. सुटलो, म्हणजे वादळ गेलं कुठे? श्रीवर्धनकडे, माझ्याच गावाकडे. नकाशा टीव्हीवर समोर होता. तरी सुटकेचा श्वास आधी आला, गाव नंतर आठवलं.

संध्याकाळी काकांना फोन लावला, लागेना. टॉवरच बंद. जीव खालीवर होत होता, खोटं कशाला सांगू? पण त्यात काका किती होते आणि वाडीतली माझ्या वाट्याची सुपारी किती? हा हिशोब मी अजून स्वतःलाही नीट दिलेला नाही.

काही दिवसांनी काका टेकडीवर चढून बोलले. "लाईटीचं राहू दे रे. विहीर भरलेली आहे, पण पंप कशावर चालवू? रहाट आपणच काढून टाकला ना!" श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत महिना उलटला तरी वीज आली नव्हती. त्याच दिवसांत चाळीतला फ्यूज उडाला, तर पंखा बंद म्हणून मी सगळ्यांवर खेकसत होतो.

मुंबईच्या शहर भागात बेस्टच्या केबल जमिनीखालून जातात, कोकणातल्या तारा खांबांवरून. माझा दिवा टिकला यात माझं कर्तृत्व काय? १९१५ पासून खोपोलीच्या वीजघराने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. १९२७ पासून भिऱ्याचं वीजघर चालू आहे. दोन्ही आजच्या रायगडातच. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. आमच्या उजेडाची किंमत कुणी मोजली, हे शाळेत वाचलं होतं. बिल भरताना एकदा तरी आठवलं का?

पण लॉकडाऊनमध्ये मी करणार तरी काय होतो? ई-पासशिवाय जाता येत नव्हतं. सबब बिनतोड. मात्र ऑगस्टमध्ये गणपतीसाठी तोच पास मी खटपट करून मिळवला. म्हणजे अडचण पासची नव्हती.

मग १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, मुंबईत झाडं पडली आणि कोकणात पुन्हा अंधार झाला. तिथल्या तारा जमिनीखाली घालायच्या आणि तो खर्च आपल्याही बिलावर यायचा असं ठरलं, तर मी मुकाट्याने भरेन का? मनातून चटकन 'हो' आलं नाही. पण नाही म्हणायला तोंडही उरलेलं नाही. आपल्या आवाक्यातलं तरी करू या. यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा विहिरीवर रहाट आहे का बघा. नसेल तर मुंबईकरांनी वर्गणी काढून तो पावसाळा संपायच्या आत बसवून घ्यावा.