दत्त आणि दत्तक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की आपल्या घनसावंगीत सप्ताहाची लगबग सुरू होते. एकीकडे कापसाची वेचणी, उसाची तोड, मोसंबीच्या बागांची कामं. आणि दुसरीकडे पारायणाला कोण कोण बसणार याची यादी. पौर्णिमेला संध्याकाळी जन्माची वेळ झाली की पाळणा हलतो. त्या पाळण्याची दोरी एकदा तरी हाताला लागावी म्हणून आपल्या आयाबहिणी तासभर अगोदर येऊन जागा धरतात. यंदा त्या पाळण्याजवळ बसून आपण एकाच शब्दाचा विचार करू. तो शब्द म्हणजे ‘दत्त’.

दत्त म्हणजे दिलेला. अत्री ऋषींनी पुत्रासाठी तप केलं, भगवंत प्रसन्न झाले आणि म्हणाले की मीच मला तुझ्या स्वाधीन केलं. स्वतःला दिलं म्हणून दत्त आणि अत्रींचा म्हणून आत्रेय. गुरुचरित्रातली अनसूयामातेची कथा तर आपल्याला पाठच आहे. तिघे देव अतिथी होऊन सत्त्व बघायला आले. त्या माउलीने त्यांची बाळं केली, पोटाशी धरली आणि पाळण्यात घातली. परीक्षा घ्यायला आलेल्यांनाही तिने लेकरू म्हणून सांभाळलं.

आता बघा, मूल गोद घेण्याला आपण मराठीत काय म्हणतो? दत्तक घेणं. त्या विधीला दत्तविधान. शब्द एकाच धातूतून आलेले, ‘देणं’ यातून. बोलताना आपण ‘दत्तक घेतलं’ म्हणतो, पण विचार केला तर घेणारासुद्धा देतच असतो. झोप देतो, वेळ देतो, पुढची वर्षं देतो. हे देणं जिथं नाही तिथं दत्तक नाही, नुसती हौस आहे.

हे मी आजच का सांगतो? आपल्या प्रत्येकाच्या देवघरात दत्तगुरूंची तसबीर आहे. मागे गाय, पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरंच आहे. पण चार वेद दाखवायला चार ग्रंथ काढता आले असते, चार ऋषी काढता आले असते. परंपरेने ते कुत्र्याच्या रूपात दाखवले. ज्याला आपण दारातून हाड् हाड् करतो त्याच्या रूपात! आणि तसबिरीतल्या त्या कुत्र्यांची जात कोणती, हे आजवर कुणी पुजाऱ्याला विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. एक काळं, एक पांढरं, एक तांबूस, एक ठिपक्यांचं; चितारी जसा रंग देईल तसं.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले. त्याच स्कंधावर आपल्या पैठणच्या नाथमहाराजांनी टीका लिहिली, ते एकनाथी भागवत. त्या २४ गुरूंमध्ये कबूतर आहे, अजगर आहे, हत्ती, हरीण, मासा, मधमाशी, कोळी, सगळे आहेत. कुत्रं नाही! मला पुष्कळ दिवस याचं नवल वाटे. नंतर विचार करता करता असं वाटलं की गुरूकडून शिकायचं आणि पुढे जायचं. अजगराकडून संतोष घेतला, अवधूत पुढे निघाला. मधमाशीकडून संग्रहाचा धोका कळला, पुढे निघाला. त्या २४ पैकी कुणी दत्तांच्या बरोबर चालत नाही. बरोबर चालतात ती गाय आणि कुत्री. शिकणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. ज्ञान एका क्षणात होऊ शकतं. सांभाळ रोज करावा लागतो.

महाभारत उघडा. आदिपर्वात सुरुवातीलाच जनमेजयाच्या सत्राजवळ एक कुत्र्याचं पिल्लू येतं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. त्याची आई सरमा भर यज्ञात येऊन राजाला विचारते, माझ्या लेकराचा अपराध काय? कुणाजवळ उत्तर नसतं. ती शाप देऊन जाते आणि राजा घाबरून पुरोहित शोधत फिरतो. आता शेवटाकडे या, सतराव्या महाप्रस्थानिक पर्वात. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवं कुत्रं असे हस्तिनापुरातून निघतात. वाटेत एकेक जण पडतो. शेवटी धर्मराज आणि कुत्रं उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराज म्हणतो, भरवशाने मागे आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता. एवढा मोठा ग्रंथ, त्याच्या आरंभी एका निरपराध पिलाला मार बसतो आणि अखेरीला एका कुत्र्याला न सोडण्यात धर्म ठरतो. व्यासांनी हे उगाच नाही मांडलं.

हे पुराण झालं. आता आपल्या गावातली गोष्ट सांगतो.

माझ्या एका दिवंगत स्नेह्यांच्या पत्नी, वय ६८. गुरुवारचा उपवास, सोवळं कडक. मुलगा पुण्याला. गेल्या श्रावणात त्या नातीकडे संभाजीनगरला गेल्या होत्या. नात सुट्टीच्या दिवशी तिथल्या एका निवाऱ्यात जखमी, अनाथ कुत्र्या-मांजरांची सेवा करायला जाते. वहिनीही तिच्याबरोबर गेल्या. तिथे अडीच महिन्यांचं एक पिल्लू होतं. आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली, बापाचा पत्ता नाही. एक कान उभा, एक पडलेला. अंगावर तीन रंग. ते वहिनींच्या पायावर डोकं ठेवून झोपलं ते उठेचना. वहिनींनी ठरवलं, हे मी नेणार.

निवाऱ्यातल्या पोरांनी लगेच दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. त्यांचा एक अर्ज असतो. घरात किती माणसं, अंगणाला फाटक आहे का, लसी टोचून घ्याल का, मोठं झाल्यावर नसबंदी कराल का, दिवसभर साखळीला बांधून तर ठेवणार नाही ना. वहिनींनी सगळं भरलं. शेवटचा प्रश्न असा होता: तुमच्याच्यानं झालं नाही किंवा तुमच्या पश्चात, याला कोण सांभाळेल? तिथे त्यांचा हात थांबला. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, या वयात कशाला नसता व्याप? मला इथे फ्लॅटमध्ये नाही जमणार.” तोही खोटं बोलला नाही. अर्ज पिशवीत तसाच घेऊन वहिनी गावी आल्या आणि संध्याकाळी मंदिरात माझ्यापाशी बसल्या.

म्हणाल्या, “भाऊजी, दोन गोष्टी इचारायच्यात. एक, माझ्या सोवळ्याचं काय? आन् दुसरी, मी मेल्यावर त्याला कोण बघंल?”

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, वहिनी, आपल्या शास्त्रातच जेवणाआधी गाईचा घास, कावळ्याचा घास, तसा कुत्र्याचाही घास काढायला सांगितलाय. यमाच्या दारचे श्याम आणि शबल हे दोन कुत्रे, त्यांच्या नावाने तो वाढतात. शबल म्हणजे चित्रविचित्र रंगाचा, तुमच्या पिलासारखाच! त्याला ओसरीवर ठेवा, त्याची ताटली वेगळी ठेवा, हातपाय धुवा आणि पूजेला बसा. सोवळं म्हणजे स्वच्छता. कुणाला तुच्छ मानणं हे काही सोवळं नव्हे. संतचरित्रांत सांगतात, देवगिरीवर जनार्दनस्वामींना दत्तगुरू भेटायला आले ते मलंगाच्या वेशात, बरोबर कुत्री घेऊन. तिथे पूजेच्या थाटात येणाऱ्याचीच वाट बघणारा चुकला असता.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ श्लोक नव्हता. कुत्रं चांगलं सांभाळलं तर बारा वर्षं सहज जगतं. बारा वर्षं म्हणजे आपल्याकडे एक तप. वहिनी तेव्हा ८० च्या होतील. माझं वय आजच ७१. माझं नाव त्या ओळीत लिहून काय उपयोग? आम्ही दोघंही गप्प बसलो. शेजारी माझी सून वाती वळत होती. ती म्हणाली, “काकू, माझं नाव लिहा. तुम्ही आजारी पडल्या तर आमच्या ओसरीवर येईल, आणि पुढंही इथंच राहील.” अर्ज पुरा झाला. पिल्लू आलं. आता गल्लीतले लोक विचारतात, “काकू, कोणत्या जातीचं आणलं?” वहिनी म्हणतात, “दत्ताच्या पायाशी बसतं ना, त्या जातीचं.”

मंडळी, माझ्या मते त्या अर्जातली शेवटची ओळ हेच खरं दत्तविधान. पिल्लू गोजिरवाणं असतं तेव्हा सगळ्यांनाच हवंसं वाटतं. प्रश्न पुढचा असतो. सणाला पोरांना खेळणं म्हणून पिल्लू आणायचं, ते मोठं झालं, भुंकायला लागलं की पोत्यात घालून कालव्याच्या कडेला सोडून यायचं, हे आपल्या भागात होतं. हे पाप तर आहेच, पण गुन्हाही आहे. उपाशी-तहानलेलं राहील अशा तऱ्हेने जनावर टाकून देणं १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने शिक्षेस पात्र ठरतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबत आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की ज्यांना हवं त्यांनी कुत्रं रीतसर दत्तक घ्यावं, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. धर्मराजाने इंद्राला जे सांगितलं त्याहून हे वेगळं नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, कुत्री चावतात, त्याचं काय? खरं आहे. ज्याच्या घरातलं लेकरू चावलं गेलं त्याची भीती खोटी नाही, तिची थट्टा करू नये. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणूनच सांभाळायचं ते अर्धवट नको. भाकरीचा तुकडा टाकला म्हणजे पुण्य झालं, असं नाही. पिल्लू आणलं की गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध द्या. साथीच्या रोगांच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात. पिसाळण्याविरुद्धची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची मात्रा. सहा महिन्यांनंतर नसबंदी विचारून घ्या, म्हणजे दर हंगामाला नवी पिल्लं उकिरड्यावर येणार नाहीत. आणि चावा किंवा ओरखडा कुणालाही लागला, घरच्या कुत्र्याचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. चुना, मिरची, हळद भरू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका.

आणखी एक, खास सप्ताहापुरतं. प्रसादातले बेदाणे, मनुके कुत्र्याला घालू नका. आपल्याला गोड, पण त्याच्या मूत्रपिंडाला घातक. कांदाही नको. पेढा, बर्फीचं प्रेम नको. बिनमसाल्याचा वरणभात, भाकरी, उकडलेलं अंडं घरात चालत असेल तर तेही आणि स्वच्छ पाण्याचं भांडं एवढं पुरे. देवाचा नैवेद्य वाढतानाही आपण पथ्य पाळतोच की!

आता प्रत्येकाने कुत्रं पाळावंच, असं मी म्हणत नाही. गुडघे दुखतात, दम लागतो, घरात दम्याचं माणूस असतं. ज्याला झेपत नाही त्याने आणू नये; न आणणं हा दोष नाही. पण त्याने दुसरं नाव व्हावं. शेजारची म्हातारी दवाखान्यात गेली तर चार दिवस तिच्या जनावराला भाकरी-पाणी घालीन, एवढं म्हणावं. गल्लीतल्या कुत्रीची नसबंदी होत असेल तर रिक्षाचे पैसे द्यावेत. ऊसतोडीच्या टोळ्या हंगाम संपवून गेल्यावर फडापाशी एखादं पिल्लू मागे राहिलेलं दिसलं तर त्याला दगड मारणाऱ्या पोराचा हात धरावा. सरमेच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी आपल्या गावावर येऊ नये.

आपण म्हातारी माणसं पश्चात काय होईल याची फार काळजी करतो. शेताचं काय, घराचं काय, देवघरातल्या देवांचं काय. दत्तगुरूंचं नाव या काळजीचं औषध सांगतं. जे आपल्यापाशी आहे ते दिलेलं आहे आणि पुढे द्यायचं आहे. पिल्लू असो, शेत असो की आपला उरलेला श्वास असो. देताना फक्त एवढं बघायचं की घेणारा हात तयार आहे ना. तो तयार करणं हे आपल्या हयातीतलं काम.

तेव्हा यंदा पाळण्याची दोरी ओढताना मनात एक संकल्प करा: कुणाचा तरी पुरता सांभाळ करीन, नाही तर सांभाळणाऱ्याच्या मागे उभा राहीन. पौर्णिमेला पंगत उठली की पहिला घास दाराबाहेर ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, आणि मग आपण जेवा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!