आवाज बंद, व्हिडिओ चालू

कचेरीत टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर बाकावर दाखल्यासाठी आलेली माणसं, आणि बाबूच्या मोबाईलवर आवाज बंद करून प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू. शेवटची प्रश्नावली घरी पोरगा सोडवून देतो. प्रमाणपत्र ग्रुपवर पडतं, साहेबांचा अंगठा येतो. ही लबाडी आहेच, पण ती एकट्या बाबूची नाही.

केंद्रानं सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केलं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन शिक्षणाचा ‘आयगॉट’ मंच त्यातूनच वाढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मिशनच्या शिक्षण सप्ताहात प्रत्येकानं किमान ४ तास शिकावं, असं ठरलं. मला हा हेतू मनापासून पटतो. १६ तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात तर फारच. उमरखेडच्या माणसाला प्रशिक्षणासाठी यवतमाळला बोलावलं की जाण्यायेण्यातच दिवस मोडतो.

पण हे ४ तास द्यायचे कुणी? कामाच्या वेळेतून काढून दिले नाहीत, तर ते झोपेतून आणि मुलांच्या अभ्यासातून निघतात. नेटपॅकही पदरचा. दुसऱ्याचा वेळ न विचारता घेणं चूकच, मग तो घेणारं सरकार का असेना.

वेळेचं तेच साधनांचं. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडीसेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखा हँग व्हायचा आणि नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. या बायांना शिकायचंच नाही, असं तेव्हा ज्यांना वाटलं त्यांनी याच जिल्ह्यातल्या झरी-जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, जावं. घरात कोलामी बोलणारं लेकरू अंगणवाडीत येतं, तेव्हा त्याला बोलतं करायला ताईलाच आधी त्याच्या आईकडून चार कोलामी शब्द शिकून घ्यावे लागतात. त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. काम अडलं की माणूस शिकतोच.

म्हणून आठवड्यातला एक तास ड्युटीतच धरावा, त्या वेळेत दुसरं काम मागू नये, अभ्यासक्रम मराठीत असावा, आणि साहेबांनीही खुर्ची ओढून सोबत बसावं. एवढं मिळाल्यावरही जो आवाज बंद ठेवील, त्याला मात्र जाब विचारावा. तो तास जनतेच्या पैशाचा आहे. आणि अंगणवाड्यांच्या बीट सभेत पर्यवेक्षिकेनं प्रमाणपत्रं किती झाली हे मोजण्याआधी एवढं विचारावं: त्यातलं काय कामी आलं, आणि काय कळलंच नाही?