उतरून काढलेला फोटो

मराठीत आपण फोटो काढतो. याच क्रियापदाने आपण काटा काढतो, धार काढतो, माप काढतो, कर्ज काढतो, कुणाची आठवण काढतो, कुणाची खोडी काढतो आणि वाईट दिवसही काढतो. मी राहते त्या बडोद्यात फोटो ‘पाडतात’. मराठी कानाला हे आधी खटकतं, कारण आपण पाडतो ते आंबे, भिंती आणि सरकारं. पण नाणीही पाडतात आणि हिऱ्याला पैलूही पाडतात, हे आठवलं की गुजराती शब्दातला साचा दिसू लागतो: ठसा एक, नग हवे तितके. हिंदीत फोटो खेचतात. बंगालीत छबी उचलतात. फूल तोडायलाही तिथे तेच क्रियापद चालतं. भाषांतराचं काम करणाऱ्या माणसाला असल्या याद्यांचा नाद असतो. तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. या सगळ्या भाषांत समोरच्याचं काहीतरी आपल्याकडे येतं, आणि देण्याचं क्रियापद कुठेच नाही. दिली जाते ती फक्त पोज.

सायकलवर जाताना कॅमेरा बरोबर न्यावा का, हा प्रश्न सायकलवाल्यांमध्ये सहसा वजनाचा आणि खड्ड्यांचा म्हणून विचारला जातो. खांद्याला लावावा की पुढच्या पिशवीत ठेवावा, लेन्स हादऱ्याने बिघडते का, फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला. हे प्रश्न निरुपयोगी नाहीत, पण त्यांची उत्तरं दुकानात मिळतात. मला अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

सायकलवरून दिसणारं जग मोटारीतून दिसत नाही, आणि पायी चालणाऱ्यालाही तसं दिसत नाही. मोटारीतून दिसतो तो देखावा. पायी येणारा दुरून दिसत राहतो. तो पोहोचेपर्यंत समोरच्याने पदर सारखा केलेला असतो, विडी विझवलेली असते. सायकल ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने येते आणि आवाज न करता येते. बसणाऱ्याची नजर उभ्या माणसाच्या नजरेच्या जरा वर असते, त्यामुळे कुंपणं आणि आडोसे यांचा तिला फारसा अडथळा होत नाही. बडोद्याहून सेवासीवरून सिंधरोटला, मही नदीच्या अंगाला जाणारा रस्ता घ्या. पहाटे त्या रस्त्यावर जे दिसतं ते बहुतेक असं असतं की ज्याला भिंत मिळायला हवी होती. कुणी बादलीभर पाण्यात अंघोळ उरकत असतं, कुणी बांधकामाच्या वाळूवर झोपलेलं असतं, कुणी टमरेल घेऊन परत येत असतं. प्रकाश मात्र नेमका त्याच वेळी सुंदर असतो. फोटोग्राफीची पुस्तकं ज्याला सोनेरी तास म्हणतात, तो घर नसलेल्या माणसाचा सर्वांत अडचणीचा तास आहे.

त्या तासाला कॅमेरा घेऊन बाहेर पडण्याचा आपल्या देशाला चांगला अनुभव नाही. उघड्यावर बसणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून पहाटे पथकं फिरली, फोटो काढले गेले. महाराष्ट्रात त्यांना ‘गुड मॉर्निंग पथक’ असं हसरं नाव होतं. 2017 साली बिहारच्या काही भागांत हे काम शाळेच्या शिक्षकांच्या गळ्यात घालण्यात आलं आणि शिक्षकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. संडास हवेत, याबद्दल वाद नाही. पण त्या पथकातल्या माणसाला जे दिसत होतं तेच मलाही दिसतं, त्याच उजेडात, तशाच कॅमेऱ्यातून. माझा हेतू सौंदर्याचा आहे हे समोरच्या बाईला कसं कळावं? आणि कळलं तरी तिला त्याचं काय?

आपला छंद निरागस आहे असं वाटण्याला इतिहासाचाही थोडा आधार आहे. सायकल आणि हातातला कॅमेरा जवळजवळ एका वयाचे आहेत. 1888 साली जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक बाजारात आणला. पुढच्या दशकात खास सायकलस्वारांसाठी घडीचे कॅमेरे निघाले. रॉचेस्टरला तयार होणाऱ्या एका प्रकाराचं नावच ‘सायकल पोको’ होतं. दोन्ही वस्तूंनी एकाच वर्गाला एकच वचन दिलं: घोडा नको, नोकर नको, स्टुडिओ नको, तुम्ही एकटे जा आणि बघा.

थॉमस ॲलन आणि विल्यम साक्टलेबेन हे दोन अमेरिकी तरुण 1890 मध्ये कॉलेजातून बाहेर पडले ते कोडॅक घेऊन जगाच्या सफरीला निघाले. इस्तंबूलपासून पेकिंगपर्यंत त्यांनी आशिया सायकलवरून ओलांडला. त्यांची छायाचित्रं आजही बघायला मिळतात. बहुतेक चित्रांत गर्दी आहे, आणि ती सायकलकडे पाहते आहे. त्यांच्या मागोमाग 1892 मध्ये पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ एकटाच निघाला. तोही कॅमेरा घेऊन. चीन, ब्रह्मदेश, मग कलकत्त्याहून कराचीपर्यंत आपला देश, मग इराण. 1894 मध्ये तो तुर्कस्तानच्या पूर्व भागात, एर्झुरुमच्या अलीकडे कुठेतरी नाहीसा झाला. त्याचं शव कधी सापडलं नाही.

त्याला शोधायला 1895 मध्ये साक्टलेबेन पुन्हा त्या भागात गेला, आणि तो एर्झुरुममध्ये असतानाच ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. दोनेक दिवसांनी एक दुभाषी आणि एक आर्मेनियन छायाचित्रकार बरोबर घेऊन तो दफनभूमीत गेला. ओळीने ठेवलेली प्रेतं, खणलेला लांब चर, भोवती उभे नातेवाईक. त्याने जे पाहिलं ते लिहून पाठवलं, लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापलं, आणि ती छायाचित्रंही टिकली.

या प्रसंगापाशी मी वारंवार येते, कारण तो माझं सोपं उत्तर मोडतो. ‘परवानगी घ्या, मग काढा’ हे ते सोपं उत्तर. मेलेल्यांची परवानगी घेता येत नव्हती. मारणाऱ्यांची घ्यायची नव्हती. काही वर्षांपूर्वी मौजेखातर फिरणारा हा माणूस त्या दिवशी छायाचित्रकार बरोबर नसता तर कमी दोषी नव्हे, जास्त दोषी ठरला असता. म्हणजे काढण्यात चोरी असते तशी कधीकधी सुटकाही असते. पुरलेलं वर काढणं हाही त्याच क्रियापदाचा अर्थ आहे. पण म्हणून रोजच्या रपेटीला निघणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला साक्षीदार समजू नये. साक्टलेबेन चराच्या काठाशी उभा राहिला, पाहिलेलं लिहून मोकळा झाला. मी सेवासीच्या वळणावर अंघोळ करणाऱ्या माणसाचा फोटो काढून तो कुणाला, कशाची साक्ष म्हणून दाखवणार आहे?

न्यूयॉर्कच्या बिल कनिंगहॅमचं उदाहरण अगदी दुसऱ्या टोकाचं. सफाई कामगार घालतात तसला निळा डगला, सायकल आणि गळ्यात कॅमेरा, असा हा माणूस 2016 मध्ये वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी वारला, तोवर कित्येक दशकं रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपत होता. तो परवानगी विचारत नसे. श्रीमंतांच्या मेजवान्यांना फोटोसाठी जाई, पण तिथे पाण्याचा घोटही घेत नसे. मला त्याच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: एका फॅशन-दैनिकाने त्याच्या फोटोंखालचा मजकूर बदलून रस्त्यावरच्या बायकांची टिंगल केली, मॉडेलच्या अंगावर तेच कपडे किती शोभतात आणि यांच्या अंगावर कसे दिसतात अशा थाटात. तो दुखावला आणि ते काम सोडून गेला. फोटो तेच होते, काढण्याची पद्धतही तीच होती. गुन्हा खालच्या दोन ओळींत घडला. भाषांतरकाराला हे पटकन समजतं. मूळ वाक्य मी प्रामाणिकपणे उचललं तरी ते कुठल्या शीर्षकाखाली, कुठल्या तळटीपेसह छापलं जाईल त्यावर लेखकाची अब्रू ठरते.

तरीही रस्त्यावर उभं असताना मला काहीतरी हाताशी लागणारा नियम हवा असतो, आणि माझ्यापुरता तो अंगाशी निगडित आहे: सायकलवरून उतरल्याशिवाय फोटो काढायचा नाही. ब्रेक, पाय जमिनीवर, सायकल स्टँडला, पिशवीची चेन, झाकण. या सगळ्याला अर्धं-पाऊण मिनिट जातं. तेवढ्यात समोरच्याला पाठ फिरवता येते, हाताने नको म्हणता येतं, ‘काय काम आहे?’ असं विचारता येतं. मुख्य म्हणजे तोही मला बघू शकतो. चढाची गती मोडते, घाम गार होतो, म्हणून मला उतरायचं जिवावर येतं. निम्मे फोटो मग काढावेसेच वाटत नाहीत, आणि जे राहतात त्यांच्यासाठी काहीतरी मोजलेलं असतं. या नियमाने फोटो बिघडतात. पक्षी उडतो, माणूस सावध होतो, मुलं रांगेत येतात. माझ्याबरोबर येणारा एक छायाचित्रकार मित्र म्हणतो की हा नैतिकतेच्या नावाखाली आळस आहे, आणि अशाने जगातले अर्धे थोर फोटो निघालेच नसते. त्याचं बरोबर आहे. निघाले नसते.

या नियमाची एक बाजू मला रस्त्यानेच दाखवली. सिंधरोटच्या अलीकडे एका शेताच्या कडेला बायका वांगी निवडून क्रेटमध्ये भरत असतात. मी कॅमेरा न काढता तिथून जात असे, आणि ते सभ्यपणाचं मानत असे. एकदा पाणी प्यायला थांबले तर त्यांतल्या एकीने विचारलं, ‘अमारो फोटो नथी पाडवो, बेन?’ झाडांचे पाडता, नदीचे पाडता, मग आमचा का नाही? मग त्यांनी हात धुतले, ओढण्या नीट केल्या, क्रेट बाजूला सारले आणि सगळ्या हात सरळ सोडून, न हसता, ओळीत उभ्या राहिल्या. शाळेच्या गटफोटोसारखा फोटो. छायाचित्रणाच्या कुठल्याही वर्गात तो नापास होईल: हालचाल नाही, काम नाही, उजेड डोक्यावर आलेला. पुढच्या आठवड्यात प्रती काढून नेल्या. दोघींना आपण काळ्या दिसतो म्हणून पुन्हा काढून हवा होता, एकीने प्रत ब्लाउजमध्ये ठेवली आणि लगेच कामाला लागली. न काढण्यातही एक निवड होती, आणि ती त्यांना न विचारता केलेली होती. त्यांना ‘श्रमणाऱ्या स्त्रिया’ म्हणून दिसायचं नव्हतं. क्रेट बाजूला सारले होते ते उगीच नव्हे.

आठवणीचं काय होतं, हा वेगळा मुद्दा, आणि तो मला त्या मानाने हलका वाटतो. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला: ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, मात्र एखाद्या भागावर कॅमेरा रोखून जवळून फोटो काढला तेव्हा तसं झालं नाही. नंतरच्या, 2017 मधल्या दुसऱ्या काही संशोधकांच्या कामात असं दिसलं की स्वतःहून फोटो काढणाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेलं जास्त आठवतं, पण कानांनी ऐकलेलं कमी. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. कॅमेरा बरोबर असलेल्या दिवशी मोर दिसतो पण त्याचा ओरडा राहत नाही, साखळीची कुरकुर राहत नाही. गुजराती बोलण्यातल्या ज्या लकबी मला कामाला लागतात त्याही त्या दिवशी हाती लागत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून दोनदाच तो नेते. यात नीती कमी आणि धंद्याची सोय जास्त.

रस्त्यावर फोटो माझाही काढला जातो. पन्नाशीकडे झुकलेली बाई हेल्मेट घालून एकटी सायकल चालवते हे अजून पुरेसं बघण्यासारखं आहे. मोटरसायकल शेजारी येते, मागे बसलेल्याचा फोन आडवा होतो, चार सेकंद, मग हसणं आणि धूर. ती चित्रफीत कुठेतरी आहे, कदाचित कुठल्यातरी गाण्यावर बसवलेली. वाईट वाटतं ते पाहिलं गेल्याचं नाही. ते थांबले नाहीत याचं. थांबले असते तर मी काहीतरी बोलले असते, कदाचित फोटोला हो सुद्धा म्हटलं असतं.

यावर आमच्या गटातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांचा उपाय तयार आहे. हँडलला छोटा कॅमेरा बसवा, निघताना चालू करा, विसरून जा. कुणी छेडलं, कुणी ठोकलं, पुरावा हजर. ते स्वतः दोन वर्षं तसंच करतात, आणि एकदा एका टेम्पोचा नंबर त्यात सापडला म्हणून त्यांचा दवाखान्याचा खर्च निघाला. याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. बाईमाणसाने पुरावा बाळगू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण तो कॅमेरा उतरत नाही. कोपऱ्यावर अंघोळ करणारा, वाळूवर झोपलेला, टमरेलवाला, वांगी निवडणाऱ्या, सगळे त्यात जातात, एका टेम्पोच्या धाकाने. कुणी त्यांच्याकडे पाहिलेलंही नसतं. काका म्हणतात, त्यात काय एवढं, कार्ड भरलं की सर्वांत जुनं आपोआप पुसलं जातं, मी काही ते बघत बसत नाही. त्यांनी मला एक डबा दिला आहे, आत तो कॅमेरा आणि हँडलला लावायचा पट्टा. तो टेबलावर आहे, शब्दकोशांच्या शेजारी, अजून न उघडलेला. पहाटे साडेपाचला निघताना मी त्याच्याकडे बघते, पाण्याची बाटली घेते आणि दार ओढून घेते. आज पुढच्या पिशवीत काय आहे ते वारावर अवलंबून असतं.