तळव्यापासून गालापर्यंत

नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला काशाची वाटी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नवतपा लागला, पारा पंचेचाळीसच्या पलीकडे गेला, रात्री अंगणात टाकलेल्या बाजेवरचे अंथरूणही कढत लागू लागले, की घरात कोणाच्या तरी डोळ्यांची आग होई, कोणाचे तळपाय भाजू लागत. आणि मग फडताळातून ती लहानशी, जाड बुडाची, हाताला चांगली जड लागणारी वाटी निघे. तळव्याला तूप नाहीतर खोबरेल लावायचे, वाटीचे तोंड आपल्या तळहाताकडे धरायचे आणि बूड तळव्यावर गोल गोल फिरवीत राहायचे. हळूहळू तूप काळे पडू लागे. “पाहा, किती उष्णता साठली होती अंगात!” असे घासणारी म्हणे. ज्याचा पाय तिच्या मांडीवर असे तो मात्र तोवर झोपी गेलेला असे.

तीच वाटी आता निराळ्या रूपाने परत आली आहे. धरमपेठेतल्या एका दुकानात दिवाळीच्या भेटवस्तूंमध्ये मी ती पाहिली. वाटीचे बूड तेवढे राहिले आहे. त्याची एक गुळगुळीत घुमटी झाली असून ती कातीव लाकडी मुठीवर बसवली आहे. सोबत सुगंधी तेलाची कुपी, खाली मखमल, वर रेशमी फीत, आणि किंमत चार आकडी. ही घुमटी तळव्यावर फिरवायची नाही, चेहऱ्यावर फिरवायची आहे. हनुवटीपासून कानाकडे, भुवयांपासून कपाळाकडे, रोज रात्री दहा मिनिटे. शेजारीच हिरव्या दगडाचे चिनी लाटणे होते, आणि सोन्याचा मुलामा दिलेली, विजेवर थरथरणारी एक दांडीही होती. पण त्या परक्या घरच्या पाहुण्या. ही वाटी आपली, ओळखीची. म्हणूनच तिच्याकडे पाहताना एक प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या जाईना. दुसऱ्याच्या तळव्यावरून उठून वाटी आपल्या गालावर गेली, यात काही बिघडले आहे काय?

काहीजणांचे उत्तर तयार असते. नटण्याची हौस वाढली, पैशाची मस्ती आली, आरशापुढचा वेळ वाढला, दुसरे काय? हे उत्तर मला पटत नाही. नटण्याची हौस या पिढीने शोधून काढलेली नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अंगाला तेल लावावे असे सांगताना डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले. चेहऱ्याचे नाव त्या यादीत नाही हे खरे. पण पुढे एका अध्यायात त्याच वाग्भटाने सहा ऋतूंसाठी चेहऱ्याचे सहा लेप सांगितले आहेत. म्हणजे पायाची काळजी घेणाऱ्या शास्त्राला मुखाची काळजी वर्ज्य नव्हती. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या गावापासून फार दूर नाही. ज्या टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांच्याच घराण्याच्या तेलाच्या कंपनीने १९५२ साली ‘लॅक्मे’ ही प्रसाधने बाजारात आणली. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचे, आणि ती नायिका म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच उच्चारात वेष पालटून आलेली. ज्या देशाने पावडरीच्या डबीलासुद्धा लक्ष्मीचे नाव घेऊ दिले, त्याने आरशाला नाक मुरडावे हे काही खरे नव्हे. शिवाय चिवड्यापासून रोषणाईपर्यंत आपण दिवाळीत जे जे करतो, त्यातले गरजेचे म्हणावे असे किती असते? सणाला चैन शोभते. तेव्हा किंमत आणि हौस हे दोन्ही आरोप मी बाजूला ठेवते.

मग ती वाटी खरोखर करते काय, हे आधी पाहू. कासे म्हणजे ढोबळ मानाने ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. तूप, घाम आणि ही धातू एकमेकांत घासली गेली की धातूचा अंश सुटतो आणि त्याचा तो काळा रंग उतरतो. उष्णता काळी नसते, आणि ती तळव्यातून तुपात येत नाही. चेहऱ्यावरही वाटी फिरवली की थोडा वेळ रक्त खेळते, गाल तजेलदार दिसतात, सकाळची सूज ओसरते. पण उन्हाने आणि वयाने कातडीच्या आत जे सैल झालेले असते ते वरून घासून घट्ट होत नाही. पेटीवरचे तारुण्याचे आश्वासन आणि आजीचे उष्णतेचे निदान, दोन्ही सारखीच भाबडी आहेत.

असे असूनही त्या काळ्या तुपाने झोप लागे, हे खोटे नव्हते. ती का लागे? मला वाटते, अर्धा तास एक माणूस दुसरे काहीही न करता आपल्या पायाशी बसले आहे, या जाणिवेने ती लागे. पाय हा शरीराचा सर्वांत मळका, सर्वांत दुर्लक्षित भाग; तो दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायला संकोच वाटतो. तो संकोच एकदा गळून पडला, की माणूस लहान मुलासारखे निर्धास्त होते. वाटी हे निमित्त. तिचे बूड जाड का, तर ती धरणाऱ्याचा हात लवकर दमू नये म्हणून असावे, असे मला आपले वाटते. तिला एक धरणारा आणि एक पाय पुढे करणारा, अशी दोन माणसे लागत. चेहऱ्याच्या वाटीला एक माणूस आणि एक आरसा पुरतो. बिघडले असेल तर ते इथे.

पण इतके लिहून थांबले असते तर मी मोठीच लबाडी केली असती. कारण ती दुसरी व्यक्ती कोण असे, हे विचारल्यावाचून जुन्या वाटीचे गोडवे गाणे योग्य नाही. महालातल्या ज्या वाड्यांतून मी लहानपणी वावरले तिथे मामंजींचे पाय सून घाशी, सासूबाईंचे पाय सून घाशी, धन्याचेही तीच घाशी. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या तिच्या स्वतःच्या तळव्यांवर वाटी फिरलेली मी क्वचितच पाहिली. गंमत अशी, की महाराष्ट्राचे लाडके दैवत ज्या पायसेवेपायी विटेवर उभे राहिले, ती सेवा एका मुलाची होती. आईबापांचे पाय पुंडलिक चेपीत होता. देव दाराशी आला तरी तो उठला नाही, वीट मागे सरकवून त्याने देवालाच थांबायला सांगितले. आपण विठ्ठल घेतला, वीट घेतली, पुंडलिकाचे नाव जयघोषात घेतले, आणि त्याचे काम तेवढे सुनेकडे सोपवून मोकळे झालो.

दुसरे चित्र शेषशायी विष्णूचे. लक्ष्मी त्याचे पाय चुरीत बसली आहे, हे चित्र कितीतरी घरांच्या भिंतींवर होते. पण अश्विन अमावस्येला आपण पाटावर मांडतो ती लक्ष्मी पाहा. ती कमळावर आहे, बाजूला हत्ती आहेत, आणि तिच्या हातात कोणाचाही पाय नाही. वर्षातून एक संध्याकाळ का होईना, तिला स्वतःच्या आसनावर बसलेली पाहावे असे आपल्या पूर्वजांनाही वाटले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आमच्या शेजारच्या सुनेने अशी एक पेटी विकत घेतली आहे. ती सकाळी साडेआठला कचेरीत जाते, सातला परत येते, मग मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे. मी तिला सहज विचारले, “काय ग, फरक पडतो का?” ती हसली. म्हणाली, “सुरकुत्यांचं मला काही नाही हो काकू. पण ती दहा मिनिटं मला कोणी हाक मारत नाही.” या उत्तरापुढे माझी बरीचशी टीका विरघळली. तिने विकत घेतली ती घुमटी नव्हे. दाराला आतून कडी लावण्याचा हक्क तिने विकत घेतला. चेहऱ्याला काहीतरी लावते आहे म्हटले की घर तो हक्क मान्य करते. नुसती बसले आहे म्हटले तर कोणी मान्य करील काय?

मला सलते ते हे, की या घरात तिला दहा मिनिटांची विश्रांती हवी असेल तर एक वस्तू मध्ये आणावी लागते, आणि ती वस्तू तिच्याशी बोलते ते तिच्या थकव्याविषयी नव्हे, तर तिच्या चेहऱ्यातल्या उणिवांविषयी. जुनी वाटी म्हणे, ‘तू दमला आहेस.’ नवी म्हणते, ‘तू उतरली आहेस.’ दमलेल्या माणसाजवळ कोणीतरी येऊन बसते; उतरलेल्या माणसाने स्वतःला दुरुस्त करून यायचे असते. काशाचे रसायन बदललेले नाही, वाक्य बदलले आहे.

सेवा आणि स्वतःची निगा या दोन्हींत वैर असलेच पाहिजे काय? नागपूरहून पाऊणशे किलोमीटरांवर सेवाग्राम आहे. तिथे १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींच्या दिनक्रमात रोजची तेलाची मालीश होती. एवढ्या साध्या माणसाने स्वतःच्या अंगाला रोज मालीश करून घ्यावी, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. पण त्याच आश्रमात परचुरेशास्त्री राहत होते. संस्कृतचे पंडित, महारोग झालेला, आणि त्या काळी अशा माणसाची सावलीही लोक टाळीत. त्यांच्या जखमा गांधीजी स्वतः पाहत, त्यांच्या अंगाला स्वतः मालीश करीत. ज्या अंगाला सकाळी दुसऱ्याच्या हाताने तेल लागले, त्याच अंगाचे हात नंतर अशा देहाला तेल लावीत, ज्याला शिवायला कोणी धजत नव्हते. इथे घेणे आणि देणे यांत भांडण नाही. उलट, आपल्या शरीरालाही स्पर्शाची गरज आहे हे ज्याला संकोचावाचून कबूल करता येते, त्यालाच दुसऱ्याच्या शरीराची तीच गरज दिसत असावी.

म्हणून चैनीची माझी व्याख्या आता थोडी बदलली आहे. महाग ती चैन नव्हे. स्वतःसाठी असलेली तीही नव्हे. जी वस्तू आपल्या अंगावरून पुढे दुसऱ्या कोणाकडे जाऊच शकत नाही, जिच्यामुळे घरातल्या इतरांना ‘तिचे ती पाहून घेते’ असे म्हणून मोकळे होता येते, ती खरी चैन. आणि ती चैन बहुधा विकत घेणारीची नसते, घरातल्या बाकीच्यांची असते. त्यांनी द्यायचा अर्धा तास चार आकडी किमतीत भागवला गेलेला असतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुन्हा सगळ्या घरांतून तेलाचा वास येईल. आई मुलांना तेल लावील, उटणे लावील, पाडव्याला पत्नी पतीला न्हाऊ घालील. हे सगळे आटोपल्यावर, उरल्यासुरल्या कोमट पाण्याने, जी शेवटी घाईघाईने चार तांबे अंगावर घेते तिच्याविषयी मी बोलते आहे. तिला या दिवाळीत ती रेशमी फितीची पेटी भेट द्यायची असेल तर जरूर द्या. ती खुशाल गालावर फिरवू द्या, आणि त्या दहा मिनिटांत तिला हाक मारू नका. पण फडताळात जुनी वाटी असेल तर तीही घासून पुसून बाहेर काढा. ती घरातल्या मुलाच्या हाती द्या, कर्त्या पुरुषाच्या हाती द्या. धरावी कशी हे सुरुवातीला कळणार नाही. ती हातातून निसटेल, तूप जास्त होईल. पाय पुढे करणारीलाही संकोच वाटेल, ‘राहू द्या हो’ असे ती दोनदा तरी म्हणेल. तिचे ऐकू नये. तूप काळे पडेपर्यंत वाटी फिरवीत राहावे.