चैत्यापाशी रडावे काय?



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. देव्हारा काढला, जत्रा सोडल्या, मग 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर एवढी गर्दी कशासाठी? ही नवी जत्राच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. पण आधी माझीच एक चूक सांगतो.

माझे वडील वारले तेव्हा आम्ही दहावे-तेरावे केले नाही, पिंड ठेवला नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर ते शक्यच नव्हते. त्रिशरण-पंचशील झाले, लोक पांगले. आई मात्र मुकी झाली. त्या डिसेंबरात तिला दादरला आणले. रांगेतून चैत्यापाशी पोचताच तिने हंबरडा फोडला. बाबासाहेबांच्या नावाने आणि माझ्या वडिलांच्या नावाने, एकाच दमात. मी मास्तर, वर्ग गप्प बसवायची सवय. म्हणालो, "आई, लोक बघताहेत. बौद्ध माणूस असा रडत नाही." ती गप्प झाली. परतीच्या गाडीत म्हणाली, "देव्हारा उचललास, मी बोलले नाही. पण रडायला जागा कुठं ठेवलीस?"

पदवी घेतलेल्या लेकाजवळ उत्तर नव्हते.

ते मला महापरिनिब्बान सुत्तात सापडले. कुशिनारेला तथागत शालवृक्षांखाली अंतिम शय्येवर होते. आनंद आत जाऊन दाराला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला बोलावून घेतले. जे प्रिय आहे त्याचा वियोग अटळ आहे हे समजावले, आणि इतकी वर्षे त्याने प्रेमाने केलेल्या सेवेची वाखाणणी केली. रडलास का, असा दोष दिला नाही. पुढे मल्ल लोकांनी काय केले पाहा. बातमी कळताच बायाबापड्या केस मोकळे सोडून रडल्या. आणि त्याच मल्लांनी सहा दिवस नृत्य, गायन, वाद्ये व फुलमाळांनी त्या देहाचा सन्मान केला. सातव्या दिवशी दहन झाले. शोक आणि उत्सव एकाच जागी. आपण मात्र हे दोन्ही वेगळे धरतो.

स्तूप कोठे बांधावा, हेही तथागतांनी सांगितले आहे: चार हमरस्ते मिळतात त्या चौकात. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तेथे थांबता यावे. सांचीचा मोठा स्तूप आतून भरीव आहे. त्याला गाभारा नाही, त्यामुळे "तू बाहेर उभा राहा" असे म्हणणारा पुजारीही नाही. ज्यांच्या आज्यांनी देवळाच्या पायरीखालून हात जोडले, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि दादरची ती वाळू! मुंबईत 16 डिसेंबर 1956 रोजी दीक्षासमारंभ करण्याचा बाबासाहेबांचा मानस होता. त्याआधीच 7 डिसेंबरला त्यांची चिता तेथे रचली गेली. त्या चितेसमोर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी रडणाऱ्या हजारो लोकांना दीक्षा दिली. डोळे पुसून लोक बौद्ध झाले नाहीत. डोळ्यांत पाणी असतानाच झाले. 1971 साली तेथे स्तूप उभा राहिला.

तेव्हा जत्रेचा प्रश्न उरतो तो मागण्याचा. नवस बोलाल, नारळ फोडाल, मुलगा होऊ दे म्हणाल, तर ती जत्राच, मग वर निळा झेंडा असो. तेथे मी आजही कठोर आहे. अश्रूंना मात्र प्रतिज्ञेची आडकाठी नाही.

यंदा जाल तेव्हा पांढरी वस्त्रे, फुले, मेणबत्ती आणि पिण्याचे पाणी सोबत घ्या. म्हाताऱ्या माणसांना रांगेत एकटे सोडू नका. पुढची बाई रडू लागली तर तिला गप्प करू नका. दर्शन झाल्यावर शिवाजी पार्कवर सावलीत बसवा, कोण गेले ते विचारा, ती सांगेल तेवढे ऐका. पुस्तकांचे स्टॉल तेथेच आहेत. ते नंतर पाहता येतील.